आपल्याला खरंच काय हवंय? मोठा निर्णय घेण्याआधी करून पाहायच्या गोष्टी

नागपुरात बेसा-मनीषनगरकडे नवा फ्लॅट घ्यायचा की महाल भागातल्या जुन्या घरातच राहायचं? मिहानमधली नोकरी धरून ठेवायची की पुण्याची ऑफर घ्यायची? निवृत्तीनंतर काटोल रोडला थोडी जमीन घेऊन तिकडेच राहायला जायचं का? असे प्रश्न समोर आले की माणूस एका जागी बसतो आणि स्वतःला विचारतो, मला नेमकं काय हवंय? जे उत्तर येतं ते खरं मानतो, आणि वीस वर्षांचं कर्ज त्या उत्तराच्या भरवशावर काढतो.

माझं ठाम मत आहे की हा प्रश्न मनाला विचारून सुटत नाही. मन उत्तर देतं, झटकन देतं, कारणांसकट देतं. पण ते उत्तर पुष्कळदा तिथल्या तिथे जुळवलेलं असतं. आपली गरज कळते ती आपले दिवस पाहून: आपण कशाकडे आपोआप वळतो, कशानंतर हलकं वाटतं, कशानंतर पोकळ वाटतं. हे पाहायची रीत आहे, ती शिकता येते आणि तिला एका वहीपलीकडे खर्च नाही.

मनावर इतका अविश्वास का, असं वाटेल. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुकानात टेबलावर बायकांच्या लांब पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि गिऱ्हाइकांना त्यातला सर्वांत चांगला निवडायला सांगितलं. सगळ्यात उजवीकडच्या जोडाला डावीकडच्या टोकाच्या जोडापेक्षा कितीतरी जास्त पसंती मिळाली. का निवडला, असं विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, दर्जा अशी कारणं दिली. चारही जोड अगदी एकसारखे होते. "जागेमुळे निवडला असेल का?" असं थेट विचारलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी ते नाकारलं. यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं. त्यांना स्वतःच्या निवडीचं कारण खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही याचीही जाणीव नव्हती. इतवारीत साडी निवडताना आपलं असं होत असेल तर फारसं बिघडत नाही. घर, नोकरी, लग्न, मुलांचं शिक्षण यांत होतं तेव्हा बिघडतं.

खाली दिलेल्या पायऱ्या एका वेळी एकाच इच्छेसाठी वापरा. सगळं आयुष्य एकदम तपासायला घेऊ नका. त्यातून काही हाती लागत नाही.

पहिली पायरी: इच्छा लिहा, कारणं लिहू नका

वहीच्या पहिल्या पानावर इच्छा एका वाक्यात लिहा. "मला तीन बेडरूमचा फ्लॅट हवा आहे." पुढे एक भाकीत लिहा: ही इच्छा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी येणाऱ्या एखाद्या मंगळवारी, संध्याकाळी सात वाजता, मी कुठे असेन, काय करत असेन आणि मला शून्य ते दहा यांत किती बरं वाटत असेल?

मंगळवार मुद्दाम निवडला आहे. कल्पनेत आपल्याला वास्तुशांतीचा दिवस दिसतो. पाहुणे, फुलांच्या माळा, नवा सोफा. नंतरचे मंगळवार दिसत नाहीत, आणि राहायचं असतं ते त्या मंगळवारांत. भाकीत लिहिलेलं पान पाकिटात घालून बंद करा, त्यावर तारीख टाका.

फायद्या-तोट्यांची यादी मात्र इतक्यात करू नका. हे बहुतेकांना खटकेल, कारण लहानपणापासून आपल्याला उलटं शिकवलं आहे. विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना भिंतीवर लावायची पोस्टर निवडून घरी नेऊ दिली. काहींना आधी आपल्या आवडीची कारणं लिहायला लावली, बाकीच्यांनी तशीच निवडली. काही आठवड्यांनी चौकशी केली तेव्हा कारणं लिहून निवडणारे आपल्या पोस्टरवर कमी खूश होते. कारण लिहायला बसलं की जे शब्दांत सहज मांडता येतं त्याचं वजन वाढतं. फ्लॅटच्या बाबतीत चौरस फूट, पार्किंग, लिफ्ट हे लिहिता येतं. जुन्या घरी अंगणात बसल्यावर शेजारच्या काकू येऊन टेकतात, हे यादीत येत नाही. आलं तरी ते 'फायदे' या रकान्यात केविलवाणं दिसतं. यादी शेवटी करा, पाहून झाल्यावर.

दुसरी पायरी: इच्छेमागची गरज ओळखा

चिलीचे अर्थतज्ज्ञ मानफ्रेड मॅक्स-नीफ यांनी एक भेद दाखवला, जो मला या सगळ्या विषयात फार मोलाचा वाटतो. गरजा थोड्या असतात आणि सगळ्या माणसांच्या सारख्या असतात. त्या भागवण्याचे मार्ग मात्र असंख्य असतात आणि काळ, गाव, घर यांप्रमाणे बदलतात. त्यांनी नऊ गरजा सांगितल्या: जगण्यापुरतं अन्न-निवारा, संरक्षण, माया, समज, सहभाग, निवांतपणा, निर्मिती, ओळख आणि स्वातंत्र्य. फ्लॅट, गाडी, पदवी, परदेशवारी यांतलं काहीही या नऊमध्ये नाही. ते सगळे मार्ग आहेत. आपण मार्गालाच गरज समजतो, म्हणून मार्ग मिळूनही भूक तशीच राहते. काही मार्ग तर गरज भागल्याचा नुसता भास देतात, हेही त्यांनी दाखवून दिलं.

तेव्हा वहीत आपल्या इच्छेखाली या नऊ गरजा लिहा आणि प्रत्येकीपुढे स्वतःला विचारा: ही इच्छा पूर्ण झाली नाही तर यातलं नेमकं काय कमी पडेल? उत्तर अमूर्त असेल तर खोडा. प्रसंग लिहा.

तीन बेडरूमच्या फ्लॅटचंच घ्या. धरमपेठेत दोन खोल्यांत राहणारं एक जोडपं समजा. नवरा म्हणतो जागा कमी पडते. प्रसंग लिहायला बसल्यावर कळतं की रात्री दहानंतर दोघांना मोकळं बोलायला जागा नाही, कारण समोरच्या खोलीत टीव्ही चालू असतो आणि बाबा तिथेच झोपतात. म्हणजे कमी पडतो आहे तो दोघांचा एकांत आणि माया. बायकोच्या वहीत वेगळंच निघतं. तिच्या दोन्ही जावांनी वर्धा रोडला घरं घेतली आणि सणाला सगळे तिकडे जमतात, इकडे कुणी येत नाही. तिची गरज सहभागाची आहे, थोडी ओळखीची. दोघं एकच फ्लॅट मागत आहेत, पण दोन निराळ्या कारणांसाठी. हे न बोलता फ्लॅट घेतला तर निदान एकाच्या पदरी निराशा येणार.

गरज कळली म्हणून फ्लॅट घेऊ नये असं होत नाही. फ्लॅट हाच सर्वांत चांगला मार्ग निघू शकतो. पण त्याच गरजेसाठी आणखी तीन मार्ग लिहून ठेवा, त्यातला एक तरी या महिन्यात करता येण्याजोगा असू द्या. रोज रात्री जेवून दोघांनी फुटाळा तलावापर्यंत चक्कर मारून यायचं, आणि या पोळ्याला सगळ्यांना आपल्याच घरी बोलवायचं. त्यानंतर फ्लॅटची ओढ तेवढीच राहते की कमी होते, ते पाहा. या एका गोष्टीतून जितकं कळतं तितकं महिनाभर विचार करून कळत नाही.

तिसरी पायरी: इच्छा कुणाची आहे?

फ्रेंच विचारवंत रने झिरार यांचं म्हणणं होतं की माणूस बऱ्याच इच्छा दुसऱ्याकडे पाहून शिकतो. वस्तू आवडते ती कुणाला तरी ती हवी आहे म्हणून. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं तसंच असतं. फक्त उधार आणलेली इच्छा कोणती, हे ठाऊक असावं.

त्यासाठी एक प्रश्न पुरतो. ही गोष्ट मला मिळाली, पण ती कुणाला सांगता येणार नाही, दाखवता येणार नाही, स्टेटसला ठेवता येणार नाही, नातेवाइकांना कधीच कळणार नाही, असं असेल तरी मला ती हवी का? उत्तर लगेच "हो" आलं तर पुढे जा. थांबायला झालं तर तो थांबा वहीत लिहा.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न दोनदा विचारा. आईबापांची राहून गेलेली इच्छा मुलाच्या तोंडून इतक्या सहज बोलू लागते की मुलालाही ती स्वतःचीच वाटते. दहावीनंतर कोणत्या क्लासला घालायचं हे ठरवण्याआधी, मूल कुणी न सांगता कशात तासभर रमतं, एवढं तरी महिनाभर पाहा.

चौथी पायरी: ओढ आणि गोडी यांची वही

हे या सगळ्या खटाटोपाचं मूळ आहे, म्हणून इथे सावकाश वाचा.

मिशिगन विद्यापीठातले मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांनी उंदरांवर केलेल्या कामातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर आवडणं, ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत. मेंदूतलं डोपामीन हे रसायन जवळजवळ संपवून टाकलेले उंदीर समोर अन्न असूनही खायला जात नव्हते; पण साखरेचं पाणी तोंडात घातलं की चव आवडल्याची सगळी चिन्हं दाखवत होते. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. उलटही होतं: ओढ वाढत जाते आणि गोडी जिथल्या तिथे राहते किंवा आटते. व्यसनात हेच घडतं. आपल्या रोजच्या जगण्यातही हे सौम्य स्वरूपात चालू असतं, आणि ओढ जोरात असते म्हणून आपण तिलाच आवड म्हणून बसतो.

बुद्धांच्या शिकवणीत वेदनेतून, म्हणजे कुठल्याही संवेदनेतून, तृष्णा निर्माण होते असं सांगितलं आहे, आणि वेदना उठताच ती सुखद आहे, दुःखद आहे की दोन्ही नाही एवढंच नोंदवायची साधना आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या शहरात लाखोंनी धम्म स्वीकारला, तिथल्या कितीतरी घरांत हा विचार ओळखीचा आहे. वही म्हणजे त्याच निरीक्षणाची साधी, कागदावरची आवृत्ती समजा.

कसं लिहायचं? तीन आठवडे, दिवसातून चार वेळा: सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. दर वेळी एका गोष्टीची नोंद. आधी काय केलं ते, मग ते करण्याआधी ओढ किती होती (शून्य ते दहा), आणि करून झाल्यावर गोडी किती वाटली (शून्य ते दहा). गोडीचा आकडा संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत लिहा. रात्री आठवून लिहिलेला आकडा विश्वासाचा नसतो, कारण आठवण शेवटच्या क्षणाला फार महत्त्व देते.

नोंदी साधारण अशा दिसतील. रात्री झोपण्याआधी मोबाइलवर रील्स: ओढ नऊ, गोडी तीन. पहाटे उठून अंबाझरीला फिरायला जाणं: ओढ दोन, गोडी आठ. ऑफिसबाहेर तर्री पोहे: ओढ आठ, गोडी आठ. मावशीला फोन: ओढ तीन, गोडी सात. सेलमध्ये मागवलेला शर्ट: मागवताना ओढ नऊ, हातात आल्यावर गोडी चार.

तीन आठवड्यांनी दोन प्रकारच्या ओळी शोधा. ज्यांत ओढ मोठी आणि गोडी लहान, त्यांवर वेगळ्या शाईने खुणा करा. तुमचा वेळ आणि पैसा तिथे गळतो आहे. आणि ज्यांत ओढ लहान पण गोडी मोठी, त्यांच्यावर नीट लक्ष द्या. आपल्या खऱ्या गरजा बहुधा या दुसऱ्या यादीत सापडतात, कारण त्या आरडाओरडा करत नाहीत. त्यांना मनाच्या भरवशावर सोडू नका, त्यांची वेळ ठरवून टाका. तर्री पोह्यांसारख्या ओळींना हात लावू नका. ज्यात ओढ आणि गोडी दोन्ही आहेत ते सुख आहे, त्याची छाननी कशाला करायची?

वही लिहिताना शरीराकडे बघायला विसरू नका. अर्धपोटी, जागरण झालेलं, उन्हातून आलेलं शरीर भलतंच काही मागतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना दुपारी तीन वाजता बिल्डरच्या एसी ऑफिसात बसलात की समोरचा कुठलाही फ्लॅट स्वर्ग वाटतो. पाणी प्या, घरी या, झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा पुन्हा लिहा.

आणि एक गंभीर गोष्ट. तीन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक ओळीत गोडी शून्य-एक-दोन येत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही काही वाटत नसेल, तर तो इच्छेचा प्रश्न राहिलेला नाही. ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांकडे जा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारची ही सेवा विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. तोवर घर-नोकरीचे मोठे निर्णय पुढे ढकला.

पाचवी पायरी: खरेदीआधी जगून बघा

कल्पना एका गोष्टीवर प्रकाश टाकते आणि बाकी सगळं अंधारात ठेवते. डेव्हिड श्काडे आणि डॅनियल कानेमन या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या समाधानाबद्दल विचारलं. दोन्हीकडे समाधान जवळपास सारखंच निघालं. पण कॅलिफोर्नियातली माणसं जास्त सुखी असतील, असा दोन्हीकडच्यांचा अंदाज होता, कारण तुलना करताना हवामान डोळ्यांसमोर येतं. नागपूरकर पुण्याचा विचार करताना अगदी हेच करतात. पुण्याची हवा दिसते, तिथला ट्रॅफिक, भाडं, आणि ताप आल्यावर दारात खिचडी घेऊन येणारं कुणी नसणं दिसत नाही. उलट बाजूनेही तेच. नागपूर सोडायचं नाही म्हणणाऱ्याला आपली माणसं दिसतात, कामात साचून राहिलेली वर्षं दिसत नाहीत.

यावर उपाय एकच, ती गोष्ट छोट्या प्रमाणात जगून बघायची. फ्लॅट घ्यायचा असेल तर त्याच भागात दोन-तीन महिने भाड्याने राहा. भाड्याचे पैसे वाया गेले असं म्हणू नका. कर्जाच्या व्याजापुढे ते काहीच नाही. तेही जमत नसेल तर एका कामाच्या दिवशी सकाळी नऊला तिथून निघून ऑफिसला जाऊन दाखवा, आणि संध्याकाळी तिथेच परत या. मेट्रो वर्धा रोडवरून थेट सीताबर्डीला आणते हे खरं, पण दारापासून स्टेशनपर्यंत कसं जाणार? पावसात? आईला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा? रात्री आठला त्या गल्लीत किती दिवे असतात, दूध कुठे मिळतं, कुणाशी दोन शब्द होतात, हे सगळं तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पुण्याचं ठरवायचं असेल तर सुट्टी काढून पंधरा दिवस तिथे राहा, पण फिरायला गेल्यासारखं राहू नका. पीजीमध्ये राहा, ऑफिसच्या वेळेत त्या रस्त्याने ये-जा करा, रविवार एकट्याने काढा. तो रविवार सगळं सांगेल.

शेतघराची हौस असलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की जमीन डिसेंबरात बघू नका. डिसेंबरात आपल्याकडे सगळंच सुंदर असतं. मे महिन्याच्या शेवटी तिथे चार रात्री काढा आणि जुलैत चिखल झाल्यावर पुन्हा चार. विहिरीचं पाणी, वीज जाणं, साप, जवळचा दवाखाना आणि दुपारची लांबलचक वेळ, यांची गाठ तेव्हाच पडते. तरीही ओढ टिकली आणि गोडीचा आकडा सात-आठच्या खाली आला नाही, तर निर्धास्त घ्या.

सहावी पायरी: जो ते आज जगतो आहे, त्याला विचारा

मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात काही तरुणींना एका अनोळखी तरुणाशी पाच मिनिटं बोलायचं होतं. ही भेट किती आवडेल, याचा अंदाज आधी बांधायचा होता. काहींना त्या तरुणाची माहिती आणि फोटो दिला. काहींना, त्याला आधी भेटून आलेल्या एका मुलीला भेट किती आवडली, एवढंच सांगितलं. दुसऱ्या गटाचे अंदाज जास्त बरोबर आले. तरीही बहुतेकींना वाटत होतं की माहिती आणि फोटोच जास्त उपयोगाचे. आपण इतरांपेक्षा फार वेगळे आहोत हा समज इथे नडतो.

प्रश्न मात्र नीट विचारा. "भाऊ, कसं आहे तिकडे?" याला "मस्त आहे" हेच उत्तर येतं, कारण घेतलेल्या निर्णयाला कुणी वाईट म्हणत नाही. "कालचा दिवस सकाळपासून सांगा ना" असं म्हणा, आणि ऐकत राहा.

सातवी पायरी: घरातल्या ज्यांना कधी विचारलंच नाही

आतापर्यंत सगळं स्वतःबद्दल झालं. पण घरात एखादी आई असते, आजी असते, जिला काय हवं म्हटलं की ती म्हणते, "मला काही नाही पाहिजे बाप्पा, तुम्ही पाहा तुमचं." आपण ते खरं धरतो आणि पुढे जातो. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या ताटात काय वाढायचं याचाच विचार केलेल्या बाईला स्वतःची भूक ओळखायची सवय उरलेली नसते. तिचा नकार म्हणजे इच्छा नसणं नव्हे. तो प्रश्नच तिच्यासाठी परका आहे.

तिला "काय हवं?" असं विचारू नका. दोन ठोस गोष्टी समोर ठेवा: "आई, रविवारी टेकडी गणपतीला जायचं की मामांकडे?" तिने कोणतं निवडलं यापेक्षा परत आल्यावर तिचा चेहरा कसा आहे, ती त्याबद्दल पुन्हा बोलते का, रात्री जेवताना कुणाचं नाव काढते, हे पाहा. आठवडाभर तिच्या दिवसाची नोंद तुम्ही करा. ती कोणत्या खिडकीपाशी बसते, कुणाचा फोन आल्यावर आवाज बदलतो, कोणतं काम दुसऱ्याला करू देत नाही. नव्या घराचा निर्णय घेताना तिच्या खोलीच्या आकारापेक्षा ती खिडकी आणि तो फोन जास्त महत्त्वाचे असतात. वय झालेल्या माणसाला ओळखीच्या गल्लीतून उचलून आठव्या मजल्यावर नेताना हे आधी पाहिलंच पाहिजे. नंतर पाहून उपयोग होत नाही.

नवरा-बायकोंनी आपापल्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात आणि तीन आठवडे एकमेकांना दाखवू नयेत. मग एका संध्याकाळी अदलाबदल करून वाचाव्यात, वाचताना मधे बोलू नये. बाजू मांडायची नाही, फक्त विचारायचं: ही ओळ समजली नाही, सांगशील?

आता यादी करा

एवढं झाल्यावर फायदे-तोटे लिहा. या वेळी यादीत पार्किंग आणि लिफ्ट यांच्या शेजारी रात्रीची चक्कर, एकट्याचा रविवार, आईची खिडकी हेही येईल, आकड्यांसह येईल. निर्णय घ्या आणि इच्छा पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती तारीख आली की एका मंगळवारी संध्याकाळी सातला आधी आजचा आकडा लिहा आणि मगच पाकीट उघडा. भाकिताच्या पानावर दोन आकड्यांतला फरक लिहा, जास्त की कमी तेही लिहा, आणि भाकीत करताना कोणती गोष्ट दिसलीच नव्हती ते एका ओळीत लिहा. पुढच्या इच्छेचं पान उघडाल तेव्हा ती ओळ सगळ्यात वर उतरवून घ्या.